बी.ए. पाटकरी

राजीनामा देऊन पाच महिने झाले होते आणि मी अजून बूट घालून गावात हिंडत होतो. काळे, नाडीचे, धुळ्याला घेतलेले. नोकरीत असताना ते आठवड्यातून दोनदा पुसायचो. गावात आल्यावर रोज पुसू लागलो. करायला दुसरं काही नव्हतं.

माझ्याआधी आमच्या गावातलं कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडील अंगठा उमटवणारे. त्यांनी मला पुण्याला ठेवलं आणि मी बी.ए. झालो, हे मी आजही दबक्या आवाजात सांगत नाही. पुण्यात माझ्या अहिराणी 'शे'ला मुलं हसली, तेव्हा मी जीभ घासून 'आहे' म्हणायला शिकलो, आणि इतकं घासलं की आईशी बोलतानाही तेच तोंडात यायचं. पुढे एका तालुक्याच्या कचेरीत कारकून झालो, अव्वल कारकून झालो. सुटीत गावी आलो की पारावर बसलेली माणसं उठून उभी राहायची.

नोकरी गेली ती आणेवारीवरून. पीक किती आलं ते सरकारला आण्यांत कळवायचं असतं. सोळा आणे म्हणजे भरघोस, चार आणे म्हणजे बुडाल्यातच जमा. त्या वर्षी ज्वारीच्या कणसांत दाणा भरलाच नव्हता. मी वावरावावरातून फिरलो, कणसं तळहातावर चोळून पाहिली आणि चार आणे लिहिले. साहेब बंगल्याबाहेर पडले नव्हते. माझा कागद वाचून म्हणाले, "दहा करा."

"साहेब, मी बघून आलोय."

"रकाना भरायला डोळे कशाला लागतात? टाक लागतो."

दिवसभर मी तो टाक हातात धरून बसलो आणि संध्याकाळी त्यानेच राजीनामा लिहिला.

इथपर्यंतची हकिकत लोकांना सांगायला बरी वाटते. पुढचे पाच महिने कोणी विचारत नाही, आणि मीही सहसा सांगत नाही. पारावरची माणसं आता उठत नव्हती. त्यांचं काही चुकत नव्हतं, कोणासाठी उठायचं? पण "सुट्टीवर उनात का, साहेब?" असं पाचव्या महिन्यातही विचारणारे होते. आपण खरं केलं एवढं मला ठाऊक होतं. पण खरं केलेला माणूस सकाळी उठून करतो काय, ते ठाऊक नव्हतं. वखर धरला तर बैल माझं ऐकत नसत. हिशेब मांडून देतो म्हटलं तर लोक अदबीने नको म्हणत. आपण बिनकामाचे आहोत हे हळूहळू अंगवळणी पडत चाललं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटायची.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी चावडीसमोर फडाची बैठक असे. आमच्या नदीवर जुना दगडी बंधारा आहे. त्यातून निघालेला पाट गावाच्या भिजणाऱ्या जमिनीत येतो. ती सगळी जमीन मिळून आमचा फड. फडाला पाणी वाटून देणारा तो पाटकरी. तो दर आखाजीला नेमायचा, आणि त्याची परीक्षा एकाच प्रश्नाची. पाटाच्या पार टोकाला ज्याचं वावर, त्याला भर बैठकीत विचारायचं, "पानी उनं का?" म्हणजे पाणी आलं का. तो "उनं" म्हणाला तर पाटकरी राहिला. नाहीतर त्याने फावडं खाली ठेवायचं.

त्या वर्षी कोणी न विचारताच फावडं खाली आलं. आमचा पाटकरी भिलाटीतला, म्हणजे भिल्लवस्तीतला, म्हातारा होता. किती वर्षं पाणी वाटत होता त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. आता गुडघे धरले होते. त्याने फावडं चावडीच्या पायरीला टेकवलं आणि बसला. उचलायला कोणी पुढे येईना. मागून एक जण ओरडला, "साहेबले द्या! बूट बी शेतस त्यासनाकडे, चिखलमा कामले येतीन!"

चावडी हसली. अगदी माझे चुलतेसुद्धा हसले. मी उठलो आणि फावडं उचललं. हसणं थांबायला थोडा वेळ लागला.

घरी आल्यावर वडील म्हणाले, "दोन बैल इकीसन तुले बी.ए. करं. पाटवर फिराले?"

"आबा, काम आहे ते."

"काम शे. पन कोन्हं?"

वर्षभरात दाखवून देईन, असं मनात म्हटलं.

खरं काम दिवाळीनंतर, गव्हाला. मी ते माझ्या पद्धतीने करायचं ठरवलं. रेघा आखून मोठा तक्ता केला. कोणाचं वावर, किती बिघे, कोणत्या दिवशी, किती वाजता. बिघ्याला दोन तास, सगळ्यांना सारखे. श्रीमंत, गरीब, जात, नातं काही बघायचं नाही. तक्ता खळीने चावडीच्या भिंतीला चिकटवला. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही समोर उभे राहून बघून गेले. "छापेल शे का?" एकाने विचारलं. मी लिहिलेला आहे म्हटल्यावर त्याने अक्षरावरून बोट फिरवून पाहिलं. राजीनाम्यानंतर प्रथमच मला रात्रीचं जेवण गोड लागलं.

पाण्याची पहिली पाळी नीट पार पडली, कारण जमिनीत पावसाळ्याची ओल होती. दुसऱ्या पाळीला मी कोटाच्या खिशात घड्याळ घालून बांधाबांधाने हिंडलो, वेळ भरली की पाटातून वावरात जाणारं दारं मातीने बांधत आणि पुढचं मोडत. शेवटी टोकाच्या वावराशी आलो. ते एका विधवा काकीचं. नात्याने लांबची, जिभेने जवळची. दोन बिघे, म्हणजे चार तास. चार तास भरले, मी पाणी तोडलं. काकी वावराच्या मधोमध फावडं घेऊन उभी होती. तिच्या पायापर्यंत पाणी पोचलेलं होतं, पुढे नाही.

"का रे भाऊ, पानी तोडं का?"

"काकी, चार तास झाले. तक्त्याप्रमाणे तुमचं पाणी पूर्ण झालं आहे."

"तक्तामा व्हयनं व्हई. वावरमा नही व्हयनं."

"सगळ्यांना सारखंच आहे, काकी."

"मन्हं वावर पानी पेस," ती म्हणाली. "तुन्हं घड्याळ पेस का?"

शेजारच्या बांधावरचे दोघे फिदीफिदी हसले. मी घड्याळ खिशात घातलं. ती थांबली नाही. "तू एकदाबी मन्हा वावरमा उना नही. बांधवर उभा ऱ्हास, बूट भरतीन म्हनीसन."

मी घराकडे निघालो. वाटेत माझा मलाच राग येत होता, आणि तो का, हे कळायला नदी ओलांडावी लागली. रकाना भरायला डोळे कशाला लागतात? हे वाक्य ज्याने मला ऐकवलं, त्याच्या तोंडावर मी नोकरी टाकून आलो होतो. आणि फडातल्या प्रत्येक वावराचा रकाना मी चावडीत बसून भरला होता.

त्याच आठवड्यात हेडक्लार्कचं पत्र आलं. साहेबांचा राग उतरला आहे, जागा पुन्हा रिकामी झाली आहे; महिनाअखेर माफीचा अर्ज पोचला तर तुम्हाला परत घेतील. मी ते वडिलांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते नंदुरबारच्या बाजारातून येताना कोरे कागद आणि शाईची पुडी घेऊन आले आणि माझ्या पेटीवर ठेवून दिली.

मी बसलो लिहायला. खोटं सांगत नाही, बसलो. 'माझ्या हातून घडलेल्या आगळिकीबद्दल' इथपर्यंत लिहिलं. परत कचेरीत गेलो तर निदान मला येतं ते काम मिळेल, असं वाटत होतं. इथे माझ्या अकलेने एका बाईचा गहू वाळत होता. पण मग असंही वाटलं की आत्ता गेलो तर दोन्हीकडून पळालेला ठरेन. कागद तसाच ठेवला आणि भिलाटीत गेलो.

म्हातारा पाटकरी उन्हात गुडघे शेकत बसला होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तक्ता चांगला शे. पन पाटनं पानी तू धरंच नही."

"म्हणजे?"

"पहिले पाट पेस, मंग वावर."

मला उलगडायला क्षणभर लागला. वरचं दारं बांधल्यापासून मी घड्याळ लावत होतो. पण टोकापर्यंत यायला पाण्याला कोरडा पाट भिजवत यावं लागतं. काकीच्या चार तासांतला निम्मा वेळ पाटच पिऊन टाकत होता.

"आनि जमीन?" त्याने विचारलं. "बठी सारखी शे का?" सगळी सारखी आहे का ते मी बघितलंच नव्हतं. मग तो माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "बूट काढ."

काठी टेकत तो माझ्याबरोबर फडात आला. बांधापासून चार पावलं आत जायचं, टाच जोर देऊन दाबायची, पाय उचलायचा आणि खड्ड्याकडे बघायचं. खड्ड्यात ओल दाटून आली तर वावर अजून मागत नाही. कडा तडकून मातीचा भुगा झाला तर उशीर झालेला आहे. एवढंच शास्त्र. पण ते प्रत्येक वावरात जाऊन करायचं. चार दिवस मी अनवाणी सगळा फड टाचेने तपासला. तळव्यांत कुसळं गेली, भेगा पडल्या. वरची काळी जमीन पंधरा दिवस ओल धरून राहायची. काकीच्या मुरमाड जमिनीत आठव्या दिवशी भुगा व्हायचा.

आता पाळी उलटी करायला हवी होती. टोक आधी, तोंड नंतर. आणि पाटाच्या तोंडाशी पहिलं वावर आमचंच.

तिसऱ्या पाळीच्या सकाळी वडील दारं मोडायला उभेच होते. मी म्हटलं, "आबा, आज नाही. पाणी खाली जाणार."

"बापनाच वावरवर जप्ती?"

"दुसऱ्याच्या वावरापासून सुरुवात केली तर कोण ऐकेल माझं?"

"आनि मन्हा गहू?"

मी वावरात उतरलो, टाच दाबली, पाय उचलला. खड्ड्याच्या तळाशी काळी ओल चमकली. वडिलांनी माझ्या खड्ड्याकडे बघितलं नाही. ते चार पावलं पलीकडे गेले आणि स्वतःची टाच दाबली. वाकून पाहिलं. मग आणखी पुढे जाऊन तिसऱ्यांदा दाबली.

"जाय," ते म्हणाले. "तिन्हा वावरले दे."

वडिलांनी सोडलं म्हटल्यावर वरच्या बाकीच्यांना बोलता येईना. मी पाण्याच्या बरोबरीने पाटाच्या कडेने चालत गेलो. टोकाला पोचायला त्याला जवळजवळ अर्धी सकाळ लागली. काकी बांधावर बसली होती. गव्हाचा खालचा भाग पिवळा पडला होता. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि तोंडातून आपसूक निघालं, "काकी, मन्ही चूक व्हयनी. मी तुन्हं वावर देखंच नही व्हतं."

जे कागदावर चार दिवस पुरं होत नव्हतं, ते एका दमात बोलून झालं, आणि त्याने मान खाली गेली नाही.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "आते पानी सोड."

मी आत उतरलो आणि पार पलीकडच्या बांधाला पाणी लागेपर्यंत वर आलो नाही.

त्या संध्याकाळी अर्धवट अर्ज फाडला आणि दुसऱ्या कागदावर उत्तर लिहिलं. मी जे पाहिलं ते लिहिलं. त्यात माफी मागण्यासारखं काही नाही. शिवाय सध्या मला काम आहे. वडिलांनी ते वाचून दाखवायला लावलं. ऐकून झाल्यावर विचारलं, "काम शे, अशे लिखं का?"

"लिहिलं."

"बरं," म्हणाले, आणि पत्र टपालात टाकायला स्वतः घेऊन गेले.

पुढची आखाजी आली. चावडीसमोर तीच माणसं. फावडं मी पायरीला टेकवून ठेवलं होतं. बैठकीने काकीला विचारलं, "पानी उनं का?"

ती म्हणाली, "उनं. पन उशिरा उनं."

कुजबुज सुरू झाली. हे उत्तर रीतीत बसणारं नव्हतं. मी उभा राहिलो. "काकी खरं बोलतेय. दुसऱ्या पाळीला मी तिचं पाणी तोडलं. तिचं वावर बारा-तेरा आणे पिकलं असतं. पिकलं नऊ. बाकीचं मी बुडवलं. हे ऐकून मग काय ते ठरवा."

"नऊ कसाना?" काकी उसळली. "धा शेतस!"

सगळे हसायला लागले. आपलं पीक कमी सांगणारी माणसं चावडीने खूप पाहिली होती, वाढवून सांगणारी ही पहिलीच.

"काकी, मी खळ्यावर रास बघितली होती. नऊच."

"खळानंतर बांधवरला गहू निंघना, तो? मन्ही कणगी देखी का तू?"

"नाही."

"मंग?"

दहा. नेमका हाच आकडा न बघता लिहायला मी नाही म्हटलं होतं. आता तो कानाला गोड लागत होता, आणि म्हणूनच न बघता घ्यायचा नव्हता. "थांबा जरा," मी बैठकीला सांगितलं आणि काकीच्या मागोमाग तिच्या घरी गेलो. पायांत काही नव्हतं. बूट केव्हाचे माळ्यावर पडले होते.

कणगी कोपऱ्यात होती. मागच्या वर्षीचा गहू कुठवर होता त्याची रेघ आतल्या लिंपणावर अजून दिसत होती. या वर्षीचा तिच्याखाली होता, पण मला वाटलं होतं तेवढा खाली नव्हता. मी हात घालून पाहिला, तळाशी भूस भरलेला नाही ना म्हणून दोनदा पाहिला. काकी कमरेवर हात ठेवून बघत होती. "शंका लई शे तुले," म्हणाली.

चावडीवर परत आलो. सगळे तसेच बसून होते, वडील मागच्या रांगेत.

"दहा आहेत," मी म्हटलं. "मन्हा अंदाज चुकना."

म्हाताऱ्या पाटकऱ्याने बसल्या जागेवरून हात लांब करून फावडं पायरीवरून उचललं आणि माझ्याकडे सरकवलं.