व्यंकूला कुठली गिटार हवी होती?

व्यंकूच्या बायकोचा, पद्मावहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका व्यापाऱ्याशी टॉवेलच्या भावावरून भांडत होतो. सकाळी व्यंकूच्या छातीत दुखू लागलं, दवाखान्यात नेलं आणि तिथंच सगळं संपलं. मी फोन ठेवला आणि समोरच्याने सांगितलेल्या भावाला ‘हो’ म्हणून मोकळा झालो. असं मी आयुष्यात कधी केलेलं नाही. खरं सांगायचं तर रडू नंतर आलं, आधी राग आला. बारा दिवसांपूर्वी आमचं भांडण झालं होतं आणि हा माणूस ते अर्धवट टाकून निघून गेला…

आम्ही शहराच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत, एकाच गल्लीत वाढलो. मी पंधराव्या वर्षी बाजारात चादरींचे गठ्ठे उचलायला लागलो, ते करत करत स्वतःचं दुकान उभं केलं. व्यंकूच्या घरात यंत्रमाग होते. त्या खडखडाटात तो जन्मला आणि हेवी मेटल संगीताच्या नादी लागला. मी कान झाकायचो तेव्हा म्हणायचा, “मागाजवळ झोपलेल्या पोराला हीच अंगाई वाटते बे.” पण घर चालायचं ते ऑर्केस्ट्रावर आणि शिकवण्यांवर. हळदीला, गणपतीत, कुणाच्या निरोप समारंभात जुनी सिनेमाची गाणी, लावणी, भक्तिगीतं, सांगतील ते वाजवायचा.

आठ वर्षांपूर्वी त्याला नवी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती. भाव करायला अर्थातच मी. स्कूटरवर जाताना मी त्याला माझा नेहमीचा नियम सांगितला : जी आवडेल ती हातात घेऊन तोंड वाकडं करायचं, बाकी माझ्यावर सोडायचं. दुकानात दोन गिटारी निघाल्या. एक काळी, टोकदार शिंगांची, खास मेटलसाठी. नुसती तार छेडली तरी गुरगुरायची. दुसरी मधाच्या रंगाची. तिच्यावर गोड गाणंही वाजायचं आणि बटण फिरवलं की थोडी खरखरही यायची. व्यंकूने काळी वाजवली आणि तोंड वाकडं केलं. मग दुसरी वाजवली… आणि तेवढंच वाकडं तोंड केलं. दुकानदार मधाच्या रंगाच्या गिटारीवर ढिला पडतोय हे मला दिसलं. ऑर्केस्ट्राला तीच कामाची, हेही दिसलं. तीन तास ताणून मी ती घेतली. परतताना व्यंकू मागे गिटार कवटाळून बसला होता. “लई भारी केलंस शेठ,” एवढंच म्हणाला.

हा किस्सा मी आठ वर्षं जो भेटेल त्याला सांगितला. भांडण झालं त्या दिवशी चहाच्या गाड्यावरही एकाला रंगवून सांगत होतो. व्यंकू कप खाली ठेवून म्हणाला, “पण त्या दिवशी तू मला विचारलंच नाहीस की, कुठली पाहिजे.”

माझं डोकं सटकलं. “मग आठ वर्षं काय मूग गिळून बसला होतास?”

“तोंड वाकडं करायला तूच सांगितलंस ना बे!” तो हसत होता. मी चहा टाकून निघालो. नंतर ना मी फोन केला, ना त्याने.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर मी चौकशी केली. वहिनी म्हणाल्या, “काळी? कधी विषय नाही काढला. या गिटारीला तर घरची लक्ष्मी म्हणायचे.” ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला म्हणाला, त्या दुकानावरून जाताना व्यंकू स्कूटर हळू करायचा. दुकानदाराला व्यंकू आठवेना. “तुम्ही मात्र चांगले आठवता,” म्हणाला. कुणाचं खरं धरायचं? काळीच हवी होती? की दोन्ही चालल्या असत्या आणि नुसतं मी विचारायला हवं होतं? की मला चिडवायचं म्हणून बोलला? माल बघून माणसाच्या मनातली किंमत ओळखणारा मी, पण इथं काहीच हाती लागत नाही. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि तो नक्की कशाबद्दल आहे हेही आता सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींनी मला श्रावणीबरोबर पाठवलं. श्रावणी व्यंकूची मुलगी, यंदा बारावीला. “बाबांची ती बाबांचीच राहू दे,” म्हणाली. तिला स्वतःची गिटार घ्यायची होती. दुकानही तेच. पुन्हा दोन समोर आल्या, एक मेटलवाल्यांची, एक सगळं वाजवणाऱ्यांची. मी दुकानदारासमोरच मोठ्याने विचारलं, “तुला कुठली पाहिजे ते आधी सांग.”

“थांबा ना काका.”

तिने वायर जोडलीच नाही. एका गिटारच्या लाकडाला कान लावला, एक तार छेडली आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून बसली. शिकवणी सुरू करण्याआधी व्यंकू रोज असाच बसायचा. मुलं हसायची, तो हलायचा नाही. मग तिने दुसरीला कान लावला. बऱ्याच वेळाने मान वर करून म्हणाली, “काका, बाबांना यातली कुठली आवडली असती?”

दुकानदार माझ्याकडे बघत होता.

“मला माहीत नाही गं,” मी म्हणालो.

तिने मान डोलावली आणि पुन्हा पहिलीच्या लाकडाला कान लावला…