देव्हाऱ्यातले झुरळ

आज पूजेला बसलो, तर बाळकृष्णाच्या मूर्तीमागून झुरळ निघाले. लहान, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा असलेले. मोरीतून येणारे मोठे आणि तांबूस असते. हे घरातल्याच फटींत वाढते. रात्रभर देवापुढे राहणाऱ्या दूधसाखरेवर आम्हीच ते पोसले होते. राखण हीसुद्धा पूजाच आहे, याचे आम्हाला विस्मरण झाले होते. मी दूधसाखरेची वाटी उचलली, ती यापुढे रात्री ठेवायची नाही असे सांगितले, देव्हारा कोरडा पुसला आणि मागच्या फटीत बोरिक पावडर घातलेल्या कणकेच्या गोळ्या ठेवल्या.

"अहो, देवामागे विषाचा नैवेद्य?" पत्नी कडाडली. "आणि बाळकृष्ण रात्री उपाशी निजणार?"

"निजेल. हत्येचे पाप माझ्या माथी," मी म्हणालो. "त्याचे उष्टे आपण प्रसाद म्हणून खातो; झुरळाचे उष्टे मात्र मी त्याच्यापुढे राहू देणार नाही."