उंद्रीत राहिलेली चाकमा लेक

उंद्रीच्या शिवारात, नाल्यापलीकडे, त्रिपुरातून आलेल्या नऊ बौद्ध चाकमा कुटुंबांची वस्ती होती. त्यांच्याच एका भन्तेंनी त्यांना इकडे आणलं. गावातल्या बौद्ध मंडळींनी विहाराला आणि घरांना जागा दिली. पुष्पांजली तेव्हा सहा वर्षांची होती. दुसऱ्याच उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ ऊन लागून गेला. त्याला विहारामागं पुरलं. पुढं तिथं आणखी चार लेकरं पुरली गेली.

माय कमरेला माग बांधून कापड विणायची आणि तिकडच्या नदीबद्दल बोलायची. पुष्पांजली शाळेत जाऊन वऱ्हाडी झाली. अठराव्या वर्षी गावातल्या धम्मदीपशी तिचं लग्न झालं. चाकमा बोली सुटत गेली. मायचं बरंचसं कळायचं, उत्तर मात्र मराठीतून जायचं.

भन्ते वारले तशी वस्ती पांगली. दोन वर्षांपूर्वी मूळ गावी नवा विहार झाला, नातेवाइकांचे फोन येऊ लागले, आणि उरलेल्या तीन घरांनी परतायचं ठरवलं. मायही निघाली. पुष्पांजलीनं खूप विनवलं. विहारामागं पुरलेल्या लेकराला इथं टाकून कशी जाशील, असंही बोलून गेली. माय गाठोडं बांधत राहिली.

मलकापूर स्टेशनावर, डब्यात चढताना, मायनं तिचा हात धरून चाकमात काहीतरी विचारलं. पुष्पांजलीला ते समजलं नाही. पुन्हा विचारावं तर गाडी हलली.

"हाव माय," ती म्हणाली.

चार महिन्यांनी माय वारल्याचा फोन आला. पोचायलाच चार दिवस लागले असते. आपण कशाला हो म्हटलं, हे तिला आता कुणीच सांगू शकत नव्हतं.

सासू जनकाबाईंनी उंद्रीतच मायच्या नावानं जलदान विधी ठेवला. मायबद्दल दोन शब्द सांगायला पुष्पांजली उभी राहिली आणि तशीच खाली बसली. मग जनकाबाई उठल्या.

"तिचं बोलनं मले कधी समजलं नाही," त्या म्हणाल्या. "पन गावात कोनाच्याही घरी मयत झाली का ती येऊन बसे. सांजपरेंत उठत नसे."

दुसऱ्या दिवशी सोयाबीन सोंगायचं होतं. पुष्पांजली शेतात गेली. मोताळ्याकडून आलेल्या मजूर बायकांनी दुपारी भाकर खाताना विचारलं, माहेर कुठलं तुझं? तिनं त्रिपुरातल्या गावाचं नाव सांगितलं. त्यांच्यापैकी कुणीच ते ऐकलेलं नव्हतं.