पहिल्या पंगतीत बाबा

आमच्या कर्जतकडच्या गावात लग्न असलं की वाढायला बाबा. सगळा गाव जेवून उठल्यावर ते शेवटच्या पंगतीला बसत. बसल्यावर पहिला घास ताटाबाहेर काढून ठेवत, मगच जेवत. हा नेम कधी चुकला नाही. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. बाबांच्या या रीतीचा अभिमान वाटतो असं कॉलेजात सांगायला मात्र संकोच वाटे.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. मधुमेहानं बाबांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्यांना मुंबईच्या इस्पितळात डायलिसिसवर ठेवलं. डॉक्टरांनी मला समजावलं होतं, "मूत्रपिंडं काम करत नसली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं. साखर एकदम उतरू शकते. सुई टोचल्यावर जेवण चुकता कामा नये."

एका रविवारी दुपारी मी वॉर्डात गेले, तर बाबा पंख्याखाली घामानं निथळत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्के, भात झोडून झाला का गं?" अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"डायलिसिसनंतर थकतात गं," सिस्टर म्हणाल्या. "सुई दिली, जेवलेही. ताट बघ."

ताट स्वच्छ होतं. पण स्टुलावर त्याच्या बाजूला काढून ठेवलेला घास नव्हता. इस्पितळातही ते तो रोज ठेवत. सफाईवाली बाई त्यावरून कुरकुरायची.

मी अडखळत म्हटलं, "सिस्टर, बाबा जेवलेले नाहीत."

"मग जेवलं कोण?"

शेजारच्या खाटेपाशी एक म्हातारा बसला होता. खालापूरकडच्या डोंगरवाडीतून मुलाला बघायला आला होता. तो घाबरून उठला. "मीच जेवलो, बाय. काका म्हनले, पाव्हना उपाशी नको, मी मागनं जेवतो."

सिस्टर धावल्याच. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर टाकला. साखर फारच उतरली होती. शिरेतून ग्लुकोज गेलं, तेव्हा कुठे थोड्या वेळानं बाबांनी मला ओळखलं.

"तू कवा आलीस, बाय?"

सिस्टरनी त्यांना सगळं सांगितलं. वर म्हणाल्या, "पोरीनं ओळखलं म्हणून वाचलात." बाबा शेजारच्या खाटेकडे वळून म्हणाले, "माजी पोरगी कॉलेजात हाय." मी संकोचून मान खाली घातली.

संध्याकाळी ताट आलं. म्हातारा समोरच होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. मग घास काढून ठेवला आणि मान खाली घालून जेवू लागले. आयुष्यभर शेवटी जेवलेल्या माणसाला ते किती जड गेलं, ते मला दिसत होतं. म्हाताऱ्याचं जेवण मी खालून आणलं.

पुढे घरी सोडल्यावर गावात एक लग्न निघालं. सुई घेऊन बाबा सरळ पहिल्या पंगतीत जाऊन बसले. वाढणारे थबकले.

"काय काका, आज लय भूक लागली वाटतं!"

सगळे हसले. बाबाही हसले. घास काढून ठेवत म्हणाले, "वाढ रं. पोरीचा हुकूम हाय."

मी बायकांमध्ये उभी होते. या वेळी मी मान खाली घातली नाही.