पाण्यात म्हणायचं वाक्य

“पाण्यात? कुठपर्यंत?” मी विचारलं.

शलमोनकाकांनी हात डोक्याच्याही वर नेला. म्हणजे पूर्ण. मग गळ्यातल्या भोकावर अंगठा दाबून म्हणाले, “येत्या रविवारी, कृष्णेच्या घाटावर. माझा बाप्तिस्मा हाय. मॅडम, तुमी यायचंच.”

मी मिरजेच्या एका हॉस्पिटलात स्पीच थेरपिस्ट आहे. आवाज गेलेल्यांना बोलायला शिकवते. काका कुपवाडला लेथवर काम करून रिटायर झालेले. कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. अशा पेशंटची श्वासनलिका सर्जन गळ्याच्या पुढच्या बाजूला उघडतात. त्या भोकाला स्टोमा म्हणतात. श्वास तिथूनच घ्यायचा. नाकातोंडाचा फुप्फुसाशी संबंध कायमचा तुटतो. आत एक छोटा व्हॉल्व्ह बसवतात. स्टोमावर अंगठा घट्ट दाबला की हवा व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत वळते आणि आवाज निघतो. घोगरा असतो, पण आपला असतो.

पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाला विचारते, आधी कोणतं वाक्य बोलायचंय? कुणी नातवाला हाक मारायची म्हणतं, कुणाला साहेबाला शिवी द्यायची असते. काकांनी पाटीवर लिहून दिलं होतं, “येशू माझा तारणारा आहे असा मी विश्वास धरतो.” अंगठा न सुटता, एका दमात म्हणायचं. काका घरी आरशासमोर सराव करायचे. इतका गुणी पेशंट मला क्वचितच मिळाला. मी स्टाफमध्ये त्यांचं कौतुक सांगत फिरत होते. आणि ते वाक्य नदीत उभं राहून म्हणायचं, मग बुडी मारायची, हे मला आत्ता कळत होतं.

“काका, स्टोमात पाणी शिरलं तर थेट फुप्फुसात जाईल. जीव जाईल तुमचा!”

“अंगठा लावतो की. तुमीच शिकवलं न्हवं, घट्ट लावला की हवा बी सुटत न्हाई?”



काकांचा बाप्तिस्मा लहानपणीच झालेला. आम्ही दोघं एकाच चर्चमधले, मला माहीत होतं. आमच्यात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. देवाची कृपा आधी, बाळाची समज मागाहून, असं आमच्या चर्चचे पाळक सांगतात. आणि बाप्तिस्मा एकदाच. पण ऑपरेशननंतर काका दुसऱ्या एका चर्चच्या मंडळीत जायला लागले होते. तिथं शिंपडलेलं धरत नाहीत. मोठेपणी स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा आणि पूर्ण पाण्याखाली जायचं. जुना माणूस पुरला, नवा वर आला, असा त्याचा अर्थ.

मी म्हटलं, “तुमचा झालाय की बाप्तिस्मा!”

“तवा मला काय कळत हुतं? बुडल्याबिगर तारण न्हाई, मॅडम.”

“म्हणजे माझंही नाही?”

काकांनी मान खाली घातली. “तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतोय.”

मी तशीच उठून सर्जनसरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सर खुर्चीतून उभेच राहिले. “डिस्चार्जला पाण्याचं सांगितलं नव्हतं?”

“आंघोळीचं सांगितलं होतं, सर. नदीचं कोण सांगतं?”

“त्या मंडळीच्या पास्टरना बोलवा. आजच्या आज!”

पास्टर आले तेव्हा काका माझ्या खोलीतच बसले होते. तरुण, नम्र माणूस. म्हणाले, “काळजी करू नका. मी प्रत्येकाचं नाकतोंड रुमालानं दाबून धरतो.”

हे ऐकून मी दुसऱ्यांदा हादरले. मी त्यांचा तळहात धरला आणि काकांच्या नाकासमोर नेला. “श्वास लागतोय?” नव्हता लागत. मग तोच हात स्टोमासमोर धरला. गरम हवा तळहाताला लागली तसा पास्टरांनी हात झटकन मागे घेतला. “मी यांना बुडवून मारलं असतं,” ते पुटपुटले.

मग ते काकांजवळ बसले. “काका, तारण विश्वासानं होतं. बाप्तिस्मा ही आज्ञा आहे. ज्याला जमत नाही त्याला देव अडवत नाही. येशूच्या शेजारी क्रूसावर टांगलेला चोर कुठं पाण्यात गेला होता? तरी येशूनं त्याला स्वर्ग दिलाच ना?”

काकांनी अंगठा लावला. “त्याला खिळे ठोकले हुते. मी मोकळा हाय.”

शेवटी ठरलं की काकांनी गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि पास्टरांनी तांब्यानं डोक्यावर पाणी ओतायचं. काका ‘बरं’ म्हणाले, पण माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत.

रविवारी मी घाटावर सक्शन मशीन घेऊन उभी. श्वासनलिकेतलं पाणी, कफ नळीनं ओढून घेणारं ते मशीन. सरांनी सक्तीनं पाठवलं होतं. काकांच्या गळ्याला काकूंनी टॉवेल गुंडाळला होता. त्यांनी टॉवेलखाली अंगठा घातला आणि वाक्य म्हटलं. खणखणीत, एकदाही न अडखळता. पास्टरांनी तांब्या ओतला आणि प्रार्थना सुरू केली. सगळ्यांचे डोळे मिटले. माझे उघडे होते.

काका एक पायरी खाली उतरले, मग आणखी एक. आणि अंगठा तसाच दाबून पाण्यात सरळ खाली बसले.

“पास्टर!” मी किंचाळले.

पास्टरांनी उडी मारून त्यांना काखेत धरून वर खेचलं. टॉवेल ओलाचिंब, काका खोकून खोकून निळे पडलेले. मी पायरीवरच नळी आत घातली. मशीन घरघरलं, पाणी आलं, मग श्वास आला. काकू बाजूला बसून रडत त्यांना शिव्या देत होत्या.

थोड्या वेळानं काकांचा अंगठा पुन्हा वर आला.

“समदं भिजलं का?”

पास्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पाणी हनुवटीपर्यंतच आलं होतं. वरचा भाग फक्त तांब्यानं भिजलेला.

“भिजलं, काका,” ते म्हणाले. “समदं भिजलं.”

काकांनी डोळे मिटले. इतका निवांत चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

आमचे पाळक म्हणतात, याची गरजच नव्हती. त्या मंडळीत, हा बाप्तिस्मा धरायचा की नाही यावर अजून वाद चालू आहे म्हणे. काका थेरपीला नियमित येतात. परवा मी विचारलं, “माझ्यासाठीची प्रार्थना?”

“चालू हाय,” काका म्हणाले.

मीही एक सुधारणा केली आहे. पेशंटनं वाक्य निवडलं की आधी विचारते, हे कुठं उभं राहून म्हणणार आहात?