दुधनेकाठची वाळुंजं

वालूरच्या अलीकडे, दुधना नदीच्या काठी, आमचं शेत आहे. काठाला धरून वाळुंजांची ओळ आहे. फांद्या पाण्यावर ओणवलेल्या, पानं वरून हिरवी, खालून पांढुरकी. वारा सुटला की सगळी ओळ रंग पालटते. ती मी लावली, असं लोक म्हणतात. इतकी वर्षं मी ते ऐकून घेतलं. आज खरं लिहितो.

निजामाचं राज्य जाऊन दुसरा हिवाळा होता. वडील वारले होते, शेत नुकतंच माझ्या हाती आलं होतं. तेव्हा आमच्या काठावर एकच जुनं वाळुंज होतं. घरात कुणाला ताप आला की आई त्याची साल उकळून पाजायची. गावातले एक म्हातारे टोपलीवाले त्याच्या कोवळ्या फांद्या नेत आणि आम्हाला कापूस वेचायच्या टोपल्या देत. त्यांना सगळे मामा म्हणत.

त्या वर्षी मी शेतात गेलो तर फांदी एक नाही, नुसता बोडका बुंधा. झाड मेलं असं समजून मी ते तोडलं, सरपण केलं आणि पारावर सांगितलं, "मामानं झाड मारलं." मग काठावरच्या दुसऱ्या कुणीच त्यांना आपल्या झाडाला हात लावू दिला नाही.

महिनाभरात जमिनीत उरलेल्या खुंटाला तांबूस कोंब फुटले. आई म्हणाली, "अरे, तुझे वडील दर तीन वर्षांनी मामांकडून असंच छाटून घ्यायचे. जोमानं फुटतं."

काठावर गेलो तर मामा ओल्या गाळात त्याच वाळुंजाच्या, छाटून पाण्यात ठेवलेल्या जाड काठ्या रोवत होते.

"मामा, हे काय?"

"लावायलोय. ह्याला मूळ लागत न्हाई मालक, नुसती वल लागती. तुमी काठ उघडा केलाय. नदी जेवायला यील तुमच्या रानात."

निघताना ते म्हणाले, "पारावर तेवढं एकदा सांगा. मी झाड मारलं न्हाई."

"सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही. मामा वाट बघून पुढच्या वर्षी गंगाखेडकडे निघून गेले.

पुढे मोठा पूर आला. शेजाऱ्यांचे बांध वाहून गेले, आमची माती जागेवर राहिली. त्याच मातीचं मी जन्मभर खाल्लं.

परवा पारावर जाऊन सगळं सांगितलं. मामांना ओळखणारं तिथं कुणी उरलं नव्हतं. तरी सांगितलं.

आता टोपलीवाला येतो, तेव्हा मी त्याला बुंध्यापर्यंत छाटू देतो. नातू घाबरतो, "आजोबा, झाड मरेल."

मी म्हणतो, "महिनाभर थांब. आणि तोवर कुणाला नावं ठेवू नकोस."