जत्रेतला उघडा खून

उंब्रजच्या बनुबाईचं माहेर वाईचं. सातवी पास. तिसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा चार बायका रडायला आल्या, त्यांना तिनं चहा पाजून वाटेला लावलं आणि शिवणाचं मशीन घेतलं. साताऱ्याच्या वाचनालयातून एसटीचा कंडक्टर तिला गुप्तहेरांच्या कादंबऱ्या आणून द्यायचा. मशीन चालवता चालवता ती त्यातल्या गोष्टी गिऱ्हाइकांना सांगायची, आणि खुनी सापडायच्या बेताला आला की पाय थांबवायची. राहिलेली गोष्ट झंपर न्यायला येशील तेव्हा. सगळ्या जिल्ह्यात शिवलेले कपडे वेळेवर नेणाऱ्या बायका तेवढ्याच असतील.

चौसष्ट सालच्या जत्रेला तिनं त्यातलीच एक गोष्ट नाटकात बसवली. गोऱ्या साहेबाचा इनामदार केला, त्याच्या बागेचं गुऱ्हाळ केलं, दारूतलं विष काकवीत घातलं. प्रयोग दुपारचा ठेवला, म्हणजे बायकांना येता येईल. जत्रेचे पुढारी लालासाहेब यांना हे सगळं पसंत नव्हतं. लोक मधेच उठले, तर पुढच्या वर्षापासून गावचं नाटक बंद आणि तमाशाचा फड आणायचा, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. फडाला बायकांना कोण बसू देतो? वर्षातला एकच खेळ त्यांच्या वाट्याचा, तोही जाणार होता.

बनुबाईची सगळी भिस्त एका गोष्टीवर होती: खुनी शेवटपर्यंत कळता कामा नये. म्हणून तिनं विष घालणाऱ्या वैद्याचं काम दिलं तात्याबाला. तात्याबा माणदेशातून येऊन स्थायिक झालेला धनगर, ओव्या गाणारा, इतका सरळ की त्याच्यावर संशय घ्यायला मांजरसुद्धा धजणार नाही. बाहेर कुणाला सांगणार नाही म्हणून त्यानं भंडारा उचलून शपथ घेतली आणि ती पाळली. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

पडदा वर गेला. तात्याबा आला, प्रेक्षकांना हात जोडले आणि ओवीला उभा राहिल्यासारखा खड्या आवाजात म्हणाला, "मायबापहो, मी ह्या गावचा वैद्य. इनामदाराच्या काकवीत मीच इख घालणार हाय."

पडद्याआड बनुबाईच्या हातातली सुई तिच्याच अंगठ्यात गेली. तात्याबा आत आल्यावर तिनं त्याचा दंडच धरला. त्याला मात्र आपलं काय चुकलं ते कळेना.

"बाई, गावाला न्हाई सांगितलं. पर म्होरं बसल्याली मानसं म्हंजी देव. आपुन कोन, काय करणार, ते त्येस्नी आदी सांगावं लागतंय. त्येंच्याशी खोटं कसं बोलू?"

गुप्तहेर व्हायचा होता तालमीतला पैलवान मानसिंग. तो डोक्यावरची टोपी काढून खालीच बसला. सगळं सांगून झालं, आता मी बाहेर जाऊन काय शोधू, म्हणाला.

बनुबाईनं पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. समोर बसलेल्या एकूणएक बाईला जत्रेतल्या प्रत्येक कथेत कोण मरतं हे ठाऊक होतं, तरी त्या दरवर्षी येतच होत्या. तिनं टोपी उचलून मानसिंगच्या डोक्यावर दाबली.

"लोकांना कळलंय. तुला कुठं कळलंय? जा."

मानसिंग गेला. त्यानं गुऱ्हाळाची चूल तपासली, भलत्याच गड्याला धरलं. पुढं बसलेली एक म्हातारी कळवळली, "आवं, त्यो न्हवं, वैद्य बघा की." मग काय, सगळा मांडव वाट दाखवायला लागला. बनुबाईनं आतून हळूच सांगितलं, त्यांनाच विचार. मानसिंग खाली उतरला आणि बायकांच्या साक्षी घ्यायला लागला. काकवीचं मडकं कुणी झाकलं, कुणी पाहिलं? पोरं काखेत घेऊन बायका उभं राहून सांगत होत्या. उठले सगळे, पण घरी जायला नव्हे. खुद्द लालासाहेब खुर्चीवर चढून, वैद्याची पिशवी उघड म्हणून मानसिंगवर ओरडत होते.

पिशवी उघडली, तात्याबा धरला गेला. शिट्ट्या तर वाजल्याच, वर म्हातारीनं त्याला खरं बोलल्याबद्दल नारळ दिला.

फड आला नाही. पुढच्या माघात लालासाहेब झंपराचं कापड घेऊन स्वतः मशीनपाशी आले. कापड निमित्ताला होतं. "औंदा खून कोन करनार, तेवढं मला आदी सांगा," म्हणाले.

बनुबाईनं माप घ्यायची पट्टी गळ्यात टाकली.

"पडदा वर गेला की सांगू. सगळ्यांबरोबर."